रायफल घ्यायची तर

भारतात रायफल घेऊ पाहणाऱ्याला दुकानाची पायरी चढण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : शस्त्र कशासाठी हवे? १९५९चा शस्त्र अधिनियम हा प्रश्न मोघम ठेवत नाही. कलम १३मध्ये परवान्यासाठी मोजकी कारणे नेमून दिली आहेत आणि प्रत्येक कारणापुढे शस्त्रही नेमून दिले आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल. याबाहेरचे काही हवे असेल तर सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते सबळ आहे की नाही हे परवाना देणारा अधिकारी ठरवतो. थोडक्यात, या यादीत रायफल येते ती फक्त नेमबाजाच्या वाट्याला. घरमालक आणि शेतकरी यांच्यापुढे कायद्याने बंदूक ठेवली आहे.

बोलताना दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात, पण फरक नळीच्या आत आहे. बारा बोरच्या एकनळी किंवा दुनळी बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छऱ्यांचा पुंजका बाहेर पडतो, पसरतो आणि थोड्याच अंतरात त्याचा जोर ओसरतो. रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरकी देतात, त्यामुळे गोळी हवेत डळमळत नाही आणि लांबवर सरळ जाते. जिवंत माणसांच्या आसपास हाच गुण धोक्याचा ठरतो. सगळ्यांत छोटी समजली जाणारी पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा मोकळ्या हवेत दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते.

घराच्या संरक्षणासाठी रायफल ही त्यामुळे चुकीची निवड आहे. नागरी परवान्यावर मिळणारी नेहमीची मोठी रायफल म्हणजे .३१५ बोरची. तिचा जन्मच कायद्याच्या अडचणीतून झाला. ब्रिटिश अमदानीत लष्कराची .३०३ गोळी खासगी हातांत पडू नये म्हणून त्या बोरवर बंदी होती, तेव्हा बीएसएसारख्या इंग्रज कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी .३१५ची शिकारी रायफल काढली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच परंपरा चालू ठेवली. २०२१मध्ये आयुधनिर्माण कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. शस्त्रांची कंपनी कानपूरला गेली, तर दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्याला आले. .३१५ची रायफल मजबूत आहे, खटका (बोल्ट) साधा आहे, दुरुस्ती करणारे मिळतात. पण तिची गोळी मोठे जनावर पाडण्यासाठी घडवलेली आहे. दार, खिडकी, पत्रा यांतून ती आरपार जाते आणि पलीकडे कोण झोपले आहे हे बार काढणाऱ्याला कळत नाही.

कायद्याची बाजूही कडक आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. जुन्या दंडविधानात तो ९६ ते १०६मध्ये होता. या हक्काला धोक्याच्या प्रमाणाची मर्यादा आहे. पळून जाणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी त्या मर्यादेत बसवणे फार अवघड. शिवाय शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, असे सुरक्षितपणे ठेवायचे तर मध्यरात्री ते हाताशी येत नाही. आणि हाताशी येईल असे ठेवले तर ते घरातल्या मुलाच्याही हाताशी येते. या पेचातून निघण्याची वाट रायफलीत नाही. परवाना मिळालाच तर गुळगुळीत नळीची बंदूक, आणि त्याआधी चांगले दार, कुत्रा नि शेजारी, असाच क्रम लावावा लागतो. 'घरात बंदूक आहे' या गोष्टीचा दरारा जुन्या वाड्यांना असेल; फ्लॅटला तो परवडत नाही.

शिकारीचा विषय त्याहून लवकर संपतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे क्षेत्र आवळले आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार जवळजवळ पूर्ण बंद केली. शिकारीसाठी रायफल निवडणे हा प्रश्न भारतात आज परदेशी मासिके चाळण्यापुरताच उरला आहे. अपवाद पिकाचा. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरत असेल तर कलम ११खाली वन अधिकारी ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुकरे आणि नीलगाय यांच्या बाबतीत विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे कलम माहीत असते. शस्त्राचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी, एवढे मात्र पुष्कळांना उशिरा कळते. पहिला खिशात असला तरी दुसरीशिवाय काढलेला बार हा गुन्हाच.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघर दिसते ती ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू भरायची, वर छरे, गजाने ठासायचे, केप लावायची. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. माकडांच्या टोळीपुढे आणि डुकरांच्या कळपापुढे तिचा उपयोग आवाजापुरताच जास्त, पण भात आणि काजू वाचवायला आवाजही पुरतो. निवडणूक लागली की ही हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि नेमक्या त्याच महिन्यांत जनावरे बागेत उतरतात, ही सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली जुनी तक्रार आहे. सरसकट जमा करून घेण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९मध्ये सांगितले. तरी तक्रार पुरती मिटलेली नाही.

उरतो खेळ. रायफल निवडण्याचे खरे शास्त्र इथेच आहे, आणि महाराष्ट्राचे या खेळाशी नाते जुने आहे. १९५१मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी समजली जाते. वरळीची रेंज, पुण्यातले बालेवाडी आणि कोल्हापूर या ठिकाणांनी पुढे नेमबाज दिले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६००पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतले. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि २०२४मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांवर ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आला.

नवशिक्याने सुरुवात करायची ती १० मीटर एअर रायफलने, याबद्दल प्रशिक्षकांत दुमत नाही. कारणे व्यवहाराची आहेत. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोरची आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेली एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदार ओळखीचा नि वयाचा पुरावा घेतो. बंद खोलीत, पावसाळ्यातही सराव होतो. आवाज थोडा. आणि चूक लपत नाही : निशाण्यातला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा त्याच्या नऊपट रुंदीचा. दहा मीटरवरून तो ठिपका डोळ्याला दिसतही नाही. नेमबाज काळ्या वर्तुळाभोवती नळीच्या पुढच्या कडीतली पांढरी किनार सगळीकडून सारखी ठेवतो, आणि ठिपक्याचे काम त्या किनारीवर सोपवतो.

पहिली रायफल विकत घेण्याची घाई करू नये. क्लबाची रायफल सहा महिने वापरून पाहावी. मुलाला खेळ आवडतो का आणि अंगाची वाढ कुठवर आली आहे, दोन्ही तोवर कळते. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात लाखांची जर्मन रायफल घेऊन दिलेली आणि दहावीच्या वर्षात कपाटात गेलेली, अशी उदाहरणे प्रत्येक क्लबात सापडतात. सेकंड-हँड बाजार त्यांच्यावरच चालतो.

खरेदीआधी डोळा तपासावा लागतो. दोन्ही हात पुढे ताणून, पंजे जुळवून मधे लहान खिडकी करायची आणि तिच्यातून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायची. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. उजवा हात आणि डावा डोळा प्रबळ असलेली मुले बरीच असतात. त्यांच्यासाठी डावखुरी रायफल घ्यायची की उजवीवर डावा डोळा झाकायचा, हे आधीच ठरले पाहिजे, कारण दस्ता, खटका आणि दर्शक सगळेच त्यावर अवलंबून.

मग यंत्रणा. बागेत डबे उडवायला वापरतात त्या स्प्रिंगच्या एअर रायफलीत चाप ओढताच जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हलते. तिच्यावर शिस्त शिकता येते, गुण मिळत नाहीत. एका पिढीने महाराष्ट्रात नेमबाजीचा श्रीगणेशा इंडियन ह्यूम पाइपच्या एअर रायफलीवर केला. सिमेंटचे नळ घडवणारी कंपनी अचूक पोलादी नळीही बनवत होती ही गोष्ट आज गमतीची वाटते. आता स्पर्धेत दिसते ती फक्त दाबलेल्या हवेची रायफल. तिच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि एका भरणीत काही शे छरे झाडता येतात. रेग्युलेटर दर बाराला तेवढीच हवा सोडतो, म्हणून पहिल्या आणि साठाव्या छऱ्याचा वेग सारखा राहतो. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुत्झ आणि स्टायर ही नावे रेंजवर ऐकू येतात. त्यांची किंमत लाखांत जाते. भारतीय बनावटीच्या रायफली त्याहून पुष्कळ स्वस्त आहेत आणि जिल्हा-राज्य पातळीपर्यंत त्यांनी अडत नाही.

चार नामांकित रायफली शिकंज्यात अडकवून झाडल्या तर चारही एकाच भोकात छरे टाकतील. फरक पडतो तो रायफल अंगाला बसते की नाही याने. उभ्या नेमात डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलीचा भार हाडांवरून जमिनीत उतरला पाहिजे. स्नायूंनी तोलली तर दहाव्या बारालाच हात थरथरतो. दस्त्याची लांबी अशी हवी की मान पुढे ताणावी लागू नये. गालाची पट्टी इतक्या उंचीची हवी की गाल सहज टेकताच डोळा मागच्या छिद्रासमोर यावा. तो शोधावा लागला तर पट्टी चुकली. डोके सरळ, तिरके नाही. ही बेरीज जमली का, हे पाहण्याची साधी रीत आहे : रायफल निशाण्यावर धरायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नळी निशाण्यावरून सरकली असेल तर हाताने ओढून आणायची नसते, पाय सरकवायचे असतात. दुकानात ही परीक्षा देऊ न देणाऱ्याकडून रायफल घेण्यात अर्थ नाही.

स्पर्धेत एअर रायफल ५.५ किलोपेक्षा जड चालत नाही, पण मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने साडेतीन-चार किलोंपासून सुरुवात करावी, अंग भरेल तशी वजने वाढवता येतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या, सगळीकडून कमी-जास्त होणाऱ्या दस्त्याची रायफल वाढत्या वयात पुरते. लाकडी दस्ता दिसायला देखणा, पण दोन वर्षांत अपुरा पडतो. चापाच्या किमान वजनाला पिस्तुलासारखे बंधन नाही, तो शंभर ग्रॅमच्या आसपासही ठेवतात. नवशिक्याला मात्र थोडा जड, दोन टप्प्यांचा चाप बरा. पहिला टप्पा संपला की बोटाला भिंत लागते, आणि नेम पक्का झाल्यावरच भिंत ओलांडायची. हवा न सोडता नुसता चाप चालवता येईल अशी सोय असावीच. घरच्या भिंतीवर ठिपका चिकटवून केलेला हा कोरडा सराव फुकट असतो आणि गुणांत सर्वाधिक भर तोच घालतो.

खर्चाचा हिशेब रायफलीच्या किमतीवर थांबवणारे फसतात. स्पर्धेचे छरे साधारण ५००च्या डब्यात येतात. एका स्पर्धेत ६० गुणांकित बार, त्याआधी सरावाचे वेगळे. रोज शंभर झाडणाऱ्याचा डबा पाच दिवसांत रिकामा. छरेही सगळे सारखे नसतात. त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असा शतांश भागाने बदलतो आणि प्रत्येक नळीला आपला एक आवडतो. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक मापाचे पाच-दहा बार काढायचे, ज्याचे भोक सगळ्यांत लहान त्याच लॉटचे डबे उचलायचे. याशिवाय कॅनव्हास-चामड्याचे ताठ जाकीट, पँट, बूट, हातमोजा. जाकिटाची जाडी एका पदराला २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि स्पर्धेआधी ती यंत्राने मोजली जाते. जाकीट बेताचेच घेतले तर मूल वर्षात त्याबाहेर जाते, सैल घेतले तर आधार मिळत नाही. यावर तोडगा एकच : क्लबातल्या थोरल्याचे जाकीट धाकट्याकडे.

सिलिंडरवरची तारीख वाचायला विसरू नये. त्याचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरतात, त्यानंतर स्पर्धेत अडवणूक होऊ शकते. सेकंड-हँड रायफल पाहताना पहिली नजर या तारखेवर, दुसरी दाबमापकावर. भरून ठेवलेला दाब दुसऱ्या दिवशी उतरलेला असेल तर सील गेले आहे. ते बदलता येते, पण किंमत तेवढी पाडून मागावी. दर्शकाचे स्क्रू फिरवून पाहावेत. प्रत्येक टिचकी सारखी ऐकू आली पाहिजे.

एअर रायफलीवर दोन-तीन वर्षे मुरल्यावर पॉइंट टू-टूचा विचार करावा. इथे परवाना लागतो आणि खेळाचे स्वरूप बदलते. ५० मीटरवर गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून प्रत्येकी २० बार. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, रायफल ८ किलोपर्यंत. प्रत्येक स्थितीला दस्ता, पट्टी आणि हाताचा आधार वेगळ्या जागी लागतो, म्हणून खुणांच्या पट्ट्या कोरलेली रायफल घ्यावी आणि माप वहीत उतरवावे. नळी पाहायची ती खटका काढून, मागून पुढे, उजेडाकडे : खाचांच्या कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, मधेच काळे वलय दिसले तर गंज किंवा फुगवटा. गोळ्यांचे लॉट पारखण्याचे वेड इथे शिगेला जाते. इंग्लंडमधल्या ईली कंपनीच्या बर्मिंगहॅमच्या चाचणी-रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात आणि तिला मानवणाऱ्या लॉटच्या पेट्या राखून ठेवतात. अशा गोळ्या महाग. स्वप्नीलच्या वडिलांना त्यांच्यासाठी कर्ज काढावे लागल्याचे पदकानंतर वृत्तपत्रांत आले.

नवी परदेशी पॉइंट टू-टू कोणालाही आयात करता येत नाही. ऐंशीच्या दशकात नागरी आयात बंद झाली. आज ती वाट राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीने नामांकित नेमबाजांना खुली आहे. नामांकित ठरण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत किमान पात्रता गुण लागतात. तिथवर पोहोचेपर्यंत क्लबाची रायफल हाच आधार. म्हणजे चांगल्या रायफलीसाठी गुण हवेत आणि गुणांसाठी चांगली रायफल. ही कोंडी श्रीमंत क्लबाचा सदस्य सहज फोडतो, तालुक्याच्या गावचा मुलगा नाही.

परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ओळख आणि पत्त्याच्या पुराव्यांबरोबर वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित ठेवण्याची हमी आणि नेमबाजाला क्लबाचे सदस्यत्व व गुणपत्रके जोडावी लागतात. पोलीस पडताळणी होते. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला एकमेव क्रमांक मिळतो. त्यावर बोर, काडतुसांची मर्यादा आणि कुठल्या प्रदेशात शस्त्र नेता येईल हे लिहिलेले असते. खरेदीनंतर शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढतो. नळीवरचा, खटक्यावरचा आणि कागदावरचा क्रमांक दुकानातच ताडून पाहावा, नंतरचे हेलपाटे वाचतात. वय २१ पूर्ण लागते. त्याखालच्या मुलांना बारा वर्षांनंतर प्रशिक्षणापुरती सवलत आहे.

२०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आली. खेळाडूंना २०२०च्या अधिसूचनेने वेगळी सूट मिळाली : नामांकित नेमबाजाला प्रकारांच्या संख्येनुसार आठ, दहा किंवा बारा शस्त्रे ठेवता येतात.

घरी आणल्यावर रायफल रिकामी, खटका काढून, कुलपात. गोळ्या वेगळ्या कुलपात. कोकणात नि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत नळीला महिनाभर तेलाचा हात लागला नाही तर गंज धरतो, म्हणून फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नये. फोम ओल धरून ठेवतो. प्रवासात मूळ परवाना सोबत असावा. विमानात रायफल रिकामी करून, आधी कळवून, तपासणीच्या सामानात जाते आणि एअर रायफलीचा सिलिंडर हवा सोडून वेगळा काढावा लागतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा. मुदत उलटलेला परवाना असलेली रायफल विनापरवाना शस्त्राइतकीच गोत्यात आणते. धारकाचे निधन झाल्यास वारसाने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची असते. स्वतःच्या नावाने परवाना मिळाला तर ती परत घेता येते, नाहीतर दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते.